काठावरची साखर

कोपरगाव
१२ डिसेंबर १९७१

ती. चांगुणाआक्का,

सहादूचा नमस्कार घे. लढाईमुळं आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवून बसलोय, पण कारखान्याचं धुराडं थांबलेलं नाही. यंदा ऊस मायंदाळ आहे आणि जो तो म्हणतो माझाच आधी तोडा.

मला ओव्हरसियर केल्याचं मागं कळवलंच होतं. आता फटफटीही मिळाली. चिटबॉय म्हणून ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटत होतो तेव्हा दिवसभर बांधाबांधानं पायी हिंडायचो, संध्याकाळी पोटऱ्या भरून यायच्या. आता घरच्या पायरीवरून उठायचं ते थेट फडात उतरायचं. मालन म्हणते, तुमी आता सायबावानी दिसाया लागले. खाजाभाई शिंपी मात्र वैतागलाय. विजारीत सोडायला कापडच शिल्लक राहिलं नाही म्हणतो.

गेल्या आठवड्यात कारखान्यानं सगळ्या स्टाफची तपासणी केली. माझं वजन शहाण्णव किलो भरलं. डॉक्टरला साखरेचा संशय आला. त्यानं लघवी नळीत घेतली, निळं औषध घालून तापवली. साखर असली तर ती विटकरी होते म्हणे. माझी निळीच्या निळी राहिली, तेव्हा जीव भांड्यात पडला. दुसरी एक नळी नुसतीच तापवली, ती जरा गढुळली, पण ते काही विशेष नसावं.

मालन अकोले गावच्या लग्नात तुम्हा दोघांना भेटली. दाजींचा चेहरा चांगला भरलाय, रंगही उजळलाय असं सांगत होती. ऐकून बरं वाटलं. दुकानाच्या गादीवर बसून माणूस थोडाच वाळतो.

तुझा,
सहादू


राजूर
३० डिसेंबर १९७१

चि. सहादू,

तुझं पत्र पोचलं. फटफटीचं वाचलं. सांभाळून चालव.

दाजींचं चाललंय. हल्ली दुकानात धाकटे दीर भिमाजी बसतात. थंडी फार आहे, पहाटे उठून चूल पेटवायची म्हटलं की हात नको म्हणतात.

त्या दुसऱ्या नळीचं नीट कळव. गढुळली म्हणजे किती? डॉक्टर काय म्हणाला? तू लहानपणापासून नको तेवढं गिळून टाकतोस आणि उरलेलं आम्हाला सांगतोस. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते का, वहाणेचा पट्टा पायात रुततो का, तेही लिही. मी उगीच विचारत नाही.

आक्का


कोपरगाव
१८ फेब्रुवारी १९७२

ती. आक्का,

उत्तराला उशीर झाला. गाळप ऐन जोरात आहे, मान वर करायला फुरसत नाही.

तू दुसऱ्या नळीचं का धरून बसलीस ते कळेना. तापवल्यावर वरच्या बाजूला दुधाचा थेंब पडल्यासारखं पांढरं आलं, बस. मी ते उष्णतेचं धरलंय. दिवसभर तापलेल्या फटफटीवर बसणाऱ्या माणसाला उष्णता होणारच. मालन सब्जा भिजवते, धन्याजिऱ्याच्या पाण्यात खडीसाखर घालून देते. शिवाय ज्या गुऱ्हाळावर जाईन तिथं तांब्याभर रस पितो. उसाच्या रसाइतकं थंड दुसरं काही नाही. पायाला संध्याकाळी थोडी सूज असते. ती बसून बसून येते.

कारखान्याच्या डॉक्टरनं मला नगरला पाठवलं होतं. तिथं उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि तासातासानं रक्त काढलं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, मधुमेह म्हणता येत नाही, साखर काठावर आहे. ब्लडप्रेशर जरा चढलेलं आहे. मग नेहमीचं सांगितलं, वजन उतरवा, चाला, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, गोड सोडा. हे ते सगळ्यांनाच सांगत असतील. मी एवढंच ऐकलं की मधुमेह नाही. मालननं त्या दिवशी बासुंदी केली.

आणि गोड सोडायचं म्हणजे काय ते तुला राजूरला बसून कळायचं नाही. मी ज्याच्या बांधावर उतरतो तो आधी चहा टाकतो. कपात साखर विरघळायची नाही इतकी घालतात, कारण साहेबाला फिका चहा दिला तर घराची अब्रू जाते. मी चहा नाही घेतला तर तो माणूस असं समजतो की त्याच्या उसाचा नंबर मी मागं टाकलाय. तोडीची टोळी मीच पाठवतो ना. त्यामुळं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मी पीतच असतो. माझ्या खात्याचं कामच ते आहे समज.

दाजींना नमस्कार सांग.

सहादू


राजूर
९ मार्च १९७२

सहादू,

आता उघडच लिहिते. लपवून काही मिळालं नाही.

तुझ्या दाजींचा चेहरा भरलेला नाही, सुजलेला आहे. रंग उजळला नाही, रक्त कमी झालंय. आमच्या सासूबाईही असंच म्हणत होत्या, गोरक्षनं अंग धरलं, सुनेच्या हाताला चव हाय. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं. नवरा जाड झाला की बायकोचं नाव होतं आपल्याकडं.

पाच वर्षांपूर्वी ह्यांनाही हेच सांगितलं होतं. साखर काठावर. तोच शब्द. नळी गढुळते हेही सांगितलं होतं. आम्ही साखर नाही एवढंच ऐकून घरी आलो आणि मी शिरा केला. मग परत गादीवर बसणं, गिऱ्हाइकाबरोबर शेव आणि खारे दाणे, जेवणात पापड लोणचं, गालात तंबाखूची गोळी. चालणं म्हणाल तर घरातून दुकानात.

दिवाळीनंतर नगरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. ते म्हणाले, मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. अंग वाढलं की तिच्यावर दुप्पट काम पडतं. त्यात ब्लडप्रेशर आणि काठावरची साखर, म्हणजे आतून दाब. वर्षानुवर्षं ती गाळणी मुकाट्यानं ओढत राहते, दुखत नाही की खुपत नाही. मग तिची भोकं सैल पडतात आणि रक्तातला कस लघवीवाटे गळायला लागतो. नळी तापवल्यावर जे पांढरं दिसतं ते तेच. मधुमेह पुरता व्हायची ती वाट बघत नाही. मी विचारलं, आता काय? ते म्हणाले, तेव्हा वजन उतरवलं असतं, रोज चालले असते, मीठ तोडलं असतं, तर बरंच वाचलं असतं. आता दोन्ही मूत्रपिंडं आकसली आहेत. त्यांनी मुदत सांगितली नाही, पण औषधाची चिठ्ठी लिहिताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

आता ह्यांना अन्नाचा वास नको होतो. अंगाला खाज सुटते, उचकी लागली की थांबत नाही. पाणीसुद्धा मापून द्यावं लागतं.

तुझी नळी गढुळते ती उष्णतेनं नाही. खडीसाखर बंद कर, तो रस बंद कर. फटफटी सोडून चाल. तुझं अजून वाचण्यासारखं आहे म्हणून हे हात दुखेपर्यंत लिहितेय.

आक्का


कोपरगाव
२१ मे १९७२

ती. आक्का,

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. दाजींसारखा माणूस, आणि आम्ही इकडं बासुंदी खातोय. मला आधी का नाही कळवलंस? मालनला मी अजून सांगितलेलं नाही. तूही लिहू नको, ती घाबरट आहे.

तुझं ऐकायचा प्रयत्न केला. रस बंद केला. आमच्या गटातले मोठे बागायतदार आप्पासाहेब आहेत, त्यांच्या ओट्यावर चहा आला तेव्हा म्हटलं, नको, डॉक्टरांनी मनाई केलीय. ते हसले. म्हणाले, एका कपानं काय व्हतंय? मी हात जोडून नाही म्हटलं. झालं. चौथ्या दिवशी चेअरमनकडं बोलावणं. आप्पासाहेबांनी सांगितलं होतं की ओव्हरसियर आमच्या घरचं पाणी घेत न्हाई, त्याला समोरच्या पार्टीनं फोडलाय. मला वाटलं चहा नाकारला, त्यांना वाटलं नातं तोडलं. बाकीच्यांनी हे ऐकलं आणि ज्याचा त्याचा माणूस काकवीची बरणी घेऊन दारात. माझं मन वळवायला. घरात ठेवायला जागा नाही.

मग मी चहा परत सुरू केला. अर्धा पितो. सकाळी थोडं चालतोही. तू काळजी करू नको. दाजींच्या उशाशी बसून माझी कसली काळजी करतेस?

सहादू


राजूर
२५ जून १९७२

सहादू,

पाऊस नाही. भात कुणी पेरलं नाही. डोंगरातली माणसं बाजारच्या दिवशीसुद्धा रिकाम्या हातानं येऊन रिकाम्या हातानं जातात.

तू सकाळी चालत नाहीस. आमच्या शेजारच्या कडूबाईचा जावई तुमच्या कारखान्यावर आला होता. तो सांगत होता, ओव्हरसियरसाहेब फटफटीवरून उतरून पाच पावलं आले तर धापा टाकत होते, आणि चहा अर्धा नव्हे, दोन कप प्याले. तुला खोटं पाडायचं म्हणून मी हे लिहीत नाही. मला आता राग यायचाही कंटाळा येतो.

तुला वाटतं मी तुझ्यासाठी लिहिते. मी माझ्यासाठी लिहिते. आईवडील गेले, शेत गेलं, आता मला माहेर म्हणून जे काही आहे ते तू आहेस. ह्यांचं करताना मी कुरकुर करत नाही, तो माझा नवरा आहे. पण हेच सगळं परत तुझ्यासाठी बघायचं आलं तर माझ्याच्यानं होणार नाही. मी येणारसुद्धा नाही, आत्ताच सांगून ठेवते.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. चहाचा किस्सा ऐकून ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. म्हणाले, त्याला लिही, डॉक्टरचं नाव काढलं की लोक चेष्टा करतात, देवाचं नाव काढलं की गप बसतात. मढीच्या कानिफनाथाला नवस बोल म्हणावं. गोड सोडलं, वाहन सोडलं. मग बघू कोण कप पुढं करतो.

मी म्हटलं, देवाला खोटं सांगायचं? तर म्हणाले, खोटं कशाला, खराच बोलू दे.

आक्का


कोपरगाव
२४ ऑगस्ट १९७२

ती. आक्का,

नवस बोललो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी फार राग आला होता. येणारसुद्धा नाही म्हणालीस ते मनाला लागलं. मालनला म्हटलं, बघ माझी सख्खी बहीण काय लिहिते. तिला सगळं सांगावं लागलं. तिनं आधी रडून घेतलं, मग काकवीच्या सगळ्या बरण्या शेजारी वाटून टाकल्या. दुसऱ्या रविवारी आम्ही एस.टी.नं मढीला गेलो. पायऱ्या चढताना मी तीनदा बसलो. वर पोचल्यावर नाथासमोर उभा राहून बोललो, माझे दाजी गोरक्षनाथ उठून हिंडाफिरायला लागेपर्यंत गोडाचा कण तोंडात घालणार नाही, फटफटीवर बसणार नाही, लोणचं पापड आणि तंबाखूला शिवणार नाही. ते बरे झाले की त्यांना घेऊन येईन आणि मलिद्याचा नैवेद्य करीन.

दाजींनी सांगितलं तस्संच झालं. आप्पासाहेबांकडं चहा आला. म्हटलं, मढीचा नवस हाय. त्यांनी कप स्वतः उचलून आत पाठवला. वर म्हणाले, पाव्हण्यासाठी एवढं करनारा मानूस मी बघितला न्हाई. आता ज्या बांधावर जाईन तिथं मला कोरा फिका चहा मिळतो, सोबत आदरही मिळतो. मालनही बदलली. पूर्वी मी भाकरीवरचं तूप नको म्हटलं की रुसायची, शेजारणी म्हनतील नवऱ्याला उपाशी ठिवती. आता तीच डाळ अळणी करते आणि शेजारणींना नवसाचं सांगते.

फटफटी कारखान्यात लावून टाकली. पाटाला पाणी नाही, ऊस वाळत चाललाय. बांधाबांधानं पायी हिंडताना ते जास्त दिसतं. पहिले दिवस गुडघे फार दुखले.

दाजी कसे आहेत? तपशीलवार लिही. माझा सगळा जीव आता त्यांच्याकडं लागलाय.

सहादू


राजूर
१४ नोव्हेंबर १९७२

चि. सहादू,

दिवाळी झाली म्हणायची. तू नवस बोललास ते वाचून ह्यांना भरून आलं. ह्यांनी पत्र दोनदा वाचायला लावलं.

दाजींना बरं आहे. दोन घास जास्त जातात. सूज थोडी उतरली आहे. तुझा नवस चालू ठेव. मध्येच सोडू नको.

इकडं रस्त्याचं दुष्काळी काम निघालंय. बायामाणसं खडी फोडायला जातात. मी घरातून हलू शकत नाही. नळी तापवून बघायचं मात्र विसरू नको. कारखान्याच्या डॉक्टरकडं जाऊन ये आणि मला कळव.

लिहायला आज एवढंच जमतंय.

आक्का


कोपरगाव
२० जानेवारी १९७३

ती. आक्का,

तुझ्या पत्रानं अंगावर मूठभर मांस चढलं, असं लिहिणार होतो, पण आता ते लिहायची चोरी आहे. उलट उतरलंय. परवा वजन केलं, ब्याऐंशी. खाजाभाईनं विजारी आत घ्यायला घेतल्या आणि विचारलं, साहेब, घरात काही बिनसलंय का? ज्याला त्याला हेच वाटतं. कारखान्यात एकानं तर मला क्षय झाल्याचं उठवलं.

नळी तापवली. डॉक्टरनं ती उजेडात धरली, मी बाजूला उभा होतो. इतकं पुसटसं गढूळ होतं की त्याला चष्मा वर करून बघावं लागलं. ब्लडप्रेशर खाली आलंय. तो म्हणाला, जे गेलं ते गेलं, पण गळती थांबत आलीय. असंच चालू ठेवा, सोडलंत की पुन्हा सुरू होईल. मी त्याला म्हटलं, हा सगळा नाथांचा आणि आमच्या दाजींचा प्रताप. तिकडं ते उठतायत आणि इकडं मी.

होळीनंतर मढीची यात्रा भरते. तेवढ्यात दाजी प्रवासाला होतील ना? नसतील तर मी डोलीची व्यवस्था करतो. नवस फेडल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आणि खरं सांगू, आक्के, मला गोडाची फार आठवण येते. यात्रेला मलिदा खाईन म्हणतो, दाजींच्या हातून.

सहादू


राजूर
१६ मार्च १९७३

चि. सहादू,

तू तेराव्याचं जेवून हात धुतलेस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता एस.टी. गाठलीस. महिना होत आला. पत्र नाही म्हणून मीच लिहिते.

कडूबाईनं तुला सांगितलं असेल की हे दिवाळीपासून अंथरुणातून उठलेच नव्हते. खरं आहे. मी तुला बरं आहे म्हणून लिहिलं त्या दिवशी ह्यांना बसतं करायला दोन माणसं लागत होती. नंतर श्वास लागायला लागला. शेवटचे दिवस ओळख नव्हती. तुला बोलावलं नाही, कारण तू येऊन बघितलं असतंस.

ह्यांनी नवसाचं सुचवलं तेव्हा पुढं आणखी एक सांगितलं होतं. म्हणाले होते, माझ्या नावानं मात्र बोलू देऊ नको. मी टिकणारा नाही, माझ्याबरोबर त्याचा नवसही जाईल. ते लिहायचं माझ्याकडून राहिलं. मला कुठं ठाऊक होतं तू दाजींच्याच नावानं बोलशील. तुझं पत्र आलं तेव्हा हे म्हणाले, घोटाळा झाला, आता मला जगायला पाहिजे. आणि त्यांनी खरंच जोर लावला, सहादू. घास उलटून पडायचा तरी परत मागायचे. विचारायचे, किती उतरला? शहाण्णवचं काय झालं? तुझं ब्याऐंशीचं पत्र मी त्यांच्या कानाशी वाचलं. कळलं की नाही देव जाणे.

तेराव्याला पंगतीत सगळे तुला म्हणाले, नवस फळला न्हाई, आता तू मोकळा हाईस, खा. तुझ्या पानात बुंदीचे दोन लाडू वाढले. ते दोन्ही तू माझ्याकडं बघत खाल्लेस. मला ते कळलं.

खोटं लिहिलं ते लिहिलं. मी माफी मागत नाही. एक माणूस हातातून जाताना दिसत होता, दुसरा त्याच्या नावावर जगत होता. तुला खरं कळवलं असतं तर तू त्याच दिवशी रडत लाडू खाल्ला असतास. तरी तीन महिने लांबवले मी. आता माझ्याकडं तुला धरून ठेवायला काही नाही. नवस नाही, दाजी नाहीत, खोटंही नाही. मी फार दमले आहे. तुला काय करायचं ते तू कर.

आक्का


कोपरगाव
११ एप्रिल १९७३

ती. आक्का,

तुझं पत्र आलं तसं न फोडता कोनाड्यात ठेवलं होतं. मालन रोज त्याच्याकडं बघायची आणि माझ्याकडं बघायची. काल फोडलं.

राजूरहून आलो ते कारखान्यातून फटफटी बाहेर काढली. नवस मोडला तर मोडला, नाथांनी ऐकलं नाही, बहिणीनं फसवलं, मग मी कुणासाठी चालायचं, असं डोक्यात बसलं होतं. मालननं काही म्हटलं की तिच्यावर ओरडायचो. दीड महिना जे समोर येईल ते खाल्लं. चहा परत चालू झाला. लोकांना बरं वाटलं, साहेब माणसात आले म्हणाले. परवा पायातली वहाण काढली तर पट्ट्याचा वळ तसाच राहिला, बोट दाबलं तर खड्डा पडला. मी तो खड्डा भरेपर्यंत बघत बसलो.

मग काल तुझं पत्र वाचलं. दाजी घास परत मागायचे हे वाचलं आणि पुढचं वाचवेना. माझं वजन उतरावं म्हणून तो माणूस घास गिळत होता आणि मी लाडू खाल्ले ते तुझ्याकडं बघत. आक्के, मला फार वाईट वाटलं. तुझा राग अजून पुरता गेलेला नाही, तेही सांगतो. मला शेवटचं भेटायचं होतं त्यांना.

आज सकाळी आप्पासाहेबांकडं उसाच्या लागणीच्या कामानं जायचं होतं. चालत गेलो. ओट्यावर पंधरावीस माणसं, पाण्याच्या पाळीवरून वाद चाललेला. चहा आला, सायीचा, नेहमीसारखा. मी म्हटलं नको. आप्पासाहेब म्हणाले, का, परत नवस? म्हटलं, न्हाई. मग डॉक्टर? तेही न्हाई म्हटलं. मग मला काय झालं कोण जाणे, सगळ्यांदेखत तोंडातून निघालं, मला भ्या वाटतं. आमचे दाजी असेच गेले. माझी लघवी तशीच गढुळती आन् पाय तसेच सुजतात. मला मरायचं न्हाई, आप्पासाहेब. म्हनून चहा नको.

पाण्याच्या पाळीचा वाद थांबला. मला वाटलं आता हसतील, आणि उद्या चेअरमनचं बोलावणं येईल. आप्पासाहेबांनी त्यांचा स्वतःचा कप हातात घेतला होता, तो तसाच खाली ठेवला. काम झालं, मी निघालो. ते भारी शरीराचे गृहस्थ, ओट्यावरून सहसा उतरत नाहीत. पण काठी टेकत माझ्यामागं बांधापर्यंत आले. तिथं कुणी ऐकत नाही असं बघून धोतराचा सोगा वर धरला आणि मला त्यांचे पाय दाखवले. घोटा कुठं आहे ते कळत नव्हतं.

म्हणाले, सहादू, ती नळी कुठं तापवून देत्यात?

उद्या सकाळी त्यांना घेऊन जातो. बैलगाडी नको म्हणालेत, झेपेल तेवढं चालतो म्हणालेत. हळूहळू जाऊ, वाटेत बसत बसत. माझीही नळी तापवून घेईन आणि जे दिसेल ते तुला खरं कळवीन. तूही यापुढं मला खरंच लिहीत जा.

तुझा भाऊ,
सहादू